शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवताना: चर्चमधला आवाज, प्रकाश आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

तरुण संघातलं कुणी "मला साउंड शिकायचाय" म्हणत आलं, की मी त्याला मिक्सरजवळ, म्हणजे सगळ्या माईकचा आवाज जिथून कमी-जास्त करतात त्या यंत्राजवळ, नेत नाही. आधी डावीकडच्या शेवटच्या बाकावर, खांबाला लागून बसवते आणि अख्खी उपासना तिथून ऐकायला सांगते. आमचं चर्च नगर भागातल्या जुन्या मिशन चर्चसारखंच आहे. दगडी भिंती, उंच कौलारू छप्पर, लाकडी बाक, खाली फरशी. अशा वास्तूत आवाज घुमतो. पुढच्या तीन बाकांना पाळकसाहेब स्वच्छ ऐकू येतात, मधल्यांना बऱ्यापैकी, आणि मागे नुसती गुणगुण पोचते. त्या शेवटच्या बाकावर आमचे एक निवृत्त गुरुजी बसायचे. मी मिक्सर सांभाळायला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "बाई, मला संदेश ऐकू येत नाही. मी पाळकसाहेबांच्या ओठांवरून अर्थ लावतो." दोन वर्षं मी मिक्सरवरचे दिवे बघत होते आणि सगळं ठीक चाललंय असं समजत होते.

म्हणून या कामाचा क्रम मी असा लावते: आधी बोललेला शब्द, मग गाणं, मग पडद्यावरची अक्षरं, मग प्रकाश आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. पैसे खर्च करायचे असोत की माणसं शिकवायची असोत, क्रम हाच. पुष्कळ मंडळ्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, कारण कॅमेरा दिसतो. पण घरी बसून बघणाऱ्याला चित्र जरा अंधुक दिसलं तरी तो थांबतो, आवाज फाटला की बंद करतो.

माणसं कशी तयार करायची

एकाच हुशार मुलावर सगळं सोपवू नका. तो बारावीनंतर पुण्याला जातो आणि मागे कुणालाच काही माहीत नसतं. चार गट करा, म्हणजे प्रत्येकाला महिन्यात एकच रविवार येतो आणि बाकीचे रविवार तो घरच्यांबरोबर बाकावर बसून उपासना करू शकतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दर रविवारी वायरींमध्ये अडकलेला स्वयंसेवक वर्षभरात थकतो आणि चर्चलाच येईनासा होतो.

नव्या माणसाला पहिला महिना फक्त बघू द्या. दुसऱ्या महिन्यात एकच काम द्या: माईक मांडणं आणि सेल बदलणं. मिक्सर त्यानंतर. महिला मंडळातल्या बायकांनाही विचारा. आमच्याकडे पडद्यावरची गीतं सगळ्यात नेमकी बदलते ती साठीच्या पुढची एक काकू, कारण तिला प्रत्येक गीताची चाल पाठ आहे आणि मंडळी कुठे श्वास घेते हे ती जाणते.

आणि एक जाड वही ठेवा. कोणता माईक कितव्या चॅनलला, कोणती वायर कुठे जाते, काय बिघडलं, कसं सुधारलं, सगळं तिच्यात. मिक्सरवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मराठीत नावं लिहा: पुलपीट, पाळक, पेटी, तबला, गायन १, गायन २. "चॅनल सात जरा कमी कर" यापेक्षा "पेटी जरा कमी कर" हे नव्या माणसाला पटकन कळतं.

रविवारी सकाळी

उपासना नऊची असेल तर साडेसातला कुलूप उघडायला हवं. आधी मिक्सर आणि बाकीची यंत्रं चालू करा, अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर स्पीकरमध्ये मोठा ठोका बसतो आणि रोज बसला की स्पीकरचा पडदा जातो. बंद करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात आधी.

मग एकेक माईक. "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" याचा उपयोग थोडाच. पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायला सांगा, ज्या आवाजात उपासनेत वाचणार त्याच आवाजात. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी, शून्याच्या खुणेवर ठेवा आणि वरची गेनची गोल खुंटी (माईकमधून आवाज किती जोरात आत घ्यायचा ते ठरवणारी) हळूहळू फिरवा. मोठ्याने बोलल्यावरही लाल दिवा लागता कामा नये. नवीन मुलं गेन कमी ठेवून फेडर शेवटपर्यंत ढकलतात, मग खरखर वाढते. काही जण गेन भरमसाट ठेवतात, मग "प्रभू" म्हणताना प आणि भ फुटतात.

प्रत्येक बोलण्याच्या माईकला लो-कटचं बटण दाबा. ते साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज काढून टाकतं. माणसाच्या बोलण्यात तिथे कामाचं फारसं काही नसतं. असतात ते पुलपीटवर पडणारे हाताचे ठोके, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकचा घुमारा. दगडी चर्चमध्ये हे एक बटण दाबल्याने जो फरक पडतो तो महागड्या स्पीकरनेही पडत नाही. शब्दांतली व्यंजनं ज्या पट्ट्यात असतात तो साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा. मागे शब्द कळत नसतील तर आवाज वाढवण्याआधी खालचा भाग कमी करून बघा. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

आमच्या गुरुजींच्या बाकाचा प्रश्न शेवटी तसा सुटला नाही. चर्चच्या मध्यावर, खांबांना दोन लहान कॉलम स्पीकर लावावे लागले. असे मधले स्पीकर लावलेत तर त्यांना थोडा उशीर द्यावा लागतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. पुढच्या स्पीकरपासून मधला स्पीकर १५ मीटरवर असेल तर ४४ मिलिसेकंदांच्या आसपास. हे केलं नाही तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. साध्या मिक्सरला वेगळं यंत्र जोडावं लागतं.

माईक शिट्टी का मारतो

स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माईकमध्ये, आणि शिट्टी वाजते. उपाय तीन आहेत आणि तिन्ही फुकट. स्पीकर माईकच्या पुढे, मंडळीच्या बाजूला असावेत, बोलणाऱ्याच्या मागे नव्हे. बोलणारा माईकच्या जवळ असावा. अंतर निम्मं केलं की माईकला मिळणारा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे मिक्सरवर तेवढा कमी करता येतो. आणि जो माईक वापरात नाही तो बंद. गायनवृंद बसल्यावर त्यांचे चार माईक चालूच राहिले तर शिट्टीचा धोका वाढतो आणि बाकावरची कुजबुज संदेशात मिसळते ती वेगळीच.

हातातला माईक ओठांपासून तीन-चार बोटांवर. जाळी मुठीत धरू नये, त्याने शिट्टी हमखास येते. कॉलरचा माईक हनुवटीखाली वीतभर, आणि स्त्री वक्ता असेल तर पदर नि मंगळसूत्र घासणार नाही अशा जागी. तो लावायला महिला स्वयंसेवक हवीच. पाळकसाहेबांचा कॉलरचा माईक गीत सुरू होताच बंद करा आणि ते वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या खोलीत, गेले की डोळे त्या बटणावरच ठेवा. तिथे कुणी आपलं दुःख सांगत असेल. ते त्यांच्या दोघांतच राहिलं पाहिजे.

वायरलेस माईकचे सेल दर उपासनेला नवे. अर्धे संपलेले सेल टॉर्चला वापरा. संदेशाच्या मध्यात पाळकांना थांबवून सेल बदलणं मंडळीला जितकं खटकतं, त्याच्यापुढे सेलचा खर्च काहीच नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त वायरलेस माईक वायफायच्या गर्दीत अडखळतात. चर्च भरलं, खिशाखिशात मोबाइल आले की सकाळी नीट चाललेला माईक तुटायला लागतो. पुलपीटचा माईक म्हणून वायरचाच ठेवा.

पेटी, तबला, ढोलकी

इंग्रजी व्हिडिओंमध्ये ड्रम आणि गिटारचे धडे मिळतात, आपल्या भजनाचे नाही. पेटीला माईक लावताना तो भात्यापासून दूर, वरच्या फळीच्या दिशेने, वीतभर उंचीवरून झुकवा. भात्याजवळ ठेवलात तर सुरांबरोबर हवेचा सुस्कारा आणि बिजागरीची करकर येते. तबल्याला एकच माईक असेल तर डग्गा आणि तबल्याच्या मधोमध, वरून. दोन असतील तर प्रत्येकाला एक. ढोलकी, झांज आणि खंजिरीला हॉलसाठी माईक लागतच नाही. दगडी चर्चमध्ये झांज स्वतःच पुरून उरते. कीबोर्ड थेट मिक्सरला जोडू नका, मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माईकच्या वायरीतून नेण्याजोगा करणारी छोटी पेटी) घाला. लांब वायरीत शिरणारी घरघर त्याने जाते.

गायनवृंदाला प्रत्येकी माईक देण्याचा हट्ट टाळा. तीन-चार जणांमागे एक माईक आणि दोन माईकमधलं अंतर माईक नि गायकातल्या अंतराच्या तिप्पट. गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते ओरडतात. त्यांच्यासाठी छोटा मॉनिटर, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवा, माईकच्या पाठीमागच्या बाजूला. मंडळीचा आवाज गायनवृंदापेक्षा वर राहिला पाहिजे. चारशे लोक एकत्र गाताहेत आणि ऐकू येतात फक्त सहा, असं झालं तर फेडर खाली आणा.

विजेबद्दल, जरा सावकाश वाचा

घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडलेली मी पाहिली आहे. हे कधीही करू नका. माईक ओठांना लागतो आणि धातूचा असतो. घरघर येत असेल तर सगळी ध्वनियंत्रणा एकाच बोर्डावरून घ्या, पंखे, दिव्यांचे डिमर आणि एसी वेगळ्या फेजवर टाका. माईकच्या वायरी विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. अर्थिंग वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

मिक्सर, लॅपटॉप आणि राउटर यूपीएसवर. वीज गेली तर अॅम्प्लिफायर बंद पडेल, पण लॅपटॉप पुन्हा सुरू होण्याची दहा मिनिटं वाचतील. आणि पाळकांना आधीच सांगून ठेवा की वीज गेल्यावर पुढे येऊन, मोठ्याने आणि सावकाश बोलावं. ही चर्चेस बांधली तेव्हा लाउडस्पीकर नव्हतेच.

पावसाळ्यात माईक कापडी पिशवीत राहू देऊ नका. झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर महिन्याला पुड्या बदला.

पडद्यावरची मराठी

गीत आणि शास्त्रपाठ दाखवायला ओपनएलपी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खरी अडचण फॉन्टची. पुष्कळ चर्चेसमधली गीतं कधीतरी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली असतात. दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की "प्रभू" च्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. सगळी गीतं एकदाच युनिकोडमध्ये करून घ्या. कंटाळवाणं काम आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चार मुलांना वाटून दिलं की होतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आहेत आणि लांबून वाचता येतात.

एका वेळी चारच ओळी. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं; मागे हलणारे ढग नि समुद्र नकोत. पुढची स्लाइड शेवटचा शब्द संपल्यावर नाही, तो सुरू होतानाच बदला. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला कुणीतरी जाणकार हवा. लहान मुलं शुद्धलेखन पडद्यावरूनही शिकतात.

दिवे

इथे फार काही करायचं नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढून, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून, दोन दिवे. दोन्हींचा रंग एकच असावा; एक पिवळा आणि एक पांढरा लावला तर कॅमेऱ्यात अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. मंडळीवरचे दिवे घालवू नका. मैफलीसारखा अंधार करून पुढे रंगीत उजेड पाडायची पद्धत अलीकडे काही ठिकाणी आली आहे. मला ती मान्य नाही. आपल्याकडे लोक मांडीवर पवित्र शास्त्र उघडून बसतात, त्यांना ते वाचता आलं पाहिजे.

डीएमएक्सने, म्हणजे वायरीवरून आज्ञा देऊन, चालणारे एलईडी दिवे असतील तर त्यांना माईकची वायर जोडू नका, डीएमएक्सचीच वापरा. साखळीतल्या शेवटच्या दिव्याला १२० ओमचा टर्मिनेटर लावला नाही तर दिवे मधेच लुकलुकतात. वर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला दुसरी, सुरक्षेची साखळी हवी. शिडीवर चढणारा एकटा नसावा, खाली धरणारा हवाच.

कॅमेरा आणि थेट प्रक्षेपण

एका कॅमेऱ्याने सुरुवात करा, ट्रायपॉडवर, मधल्या वाटेच्या शेवटी. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात सरकताना दिसतात. एक्सपोजर (चित्रातला उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने पक्के करा. वेदीमागच्या खिडकीतून साडेनऊच्या सुमारास ऊन आत आलं की ऑटोवरचा कॅमेरा पाळकांचा चेहरा काळा करून टाकतो.

एचडीएमआयची साधी वायर दहा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. अंतर जास्त असेल तर एसडीआय ही लांब पल्ल्याची व्हिडिओ वायर. लॅपटॉपवर प्रक्षेपणासाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ७२० पी दर्जाच्या चित्रासाठी बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, साधारण ३००० केबीपीएस ठेवा आणि अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट आहे ना, हे रविवारी सकाळीच मोजा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत वायर टाका. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायचं असेल तर परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात. शनिवारी रात्री त्या खटाटोपात पडू नका.

घरच्या प्रेक्षकांसाठी आवाज वेगळा मिसळावा लागतो. हॉलमध्ये ढोलकीला माईक नसतो कारण ती तशीच ऐकू येते, पण यूट्यूबवर ती गायब होते. मिक्सरच्या ऑक्स आउटपुटवरून (मुख्य स्पीकरपेक्षा वेगळा आवाज बाहेर काढायची जागा) वेगळं मिश्रण द्या, त्यात ढोलकीजवळचा एक माईक आणि मंडळीकडे तोंड केलेला एक माईक घाला. हा दुसरा माईक विसरू नका. दुबईत किंवा पुण्याच्या फ्लॅटवर बसून बघणाऱ्याला आपल्या गावची मंडळी गाताना ऐकू आली तरच त्याला चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. बोलताना ओबीएसचं मीटर पिवळ्यात असावं, लालमध्ये नव्हे. ओठ आणि आवाज जुळतात का हे टाळी वाजवून बघा. आवाज आधी येत असेल तर सिंक ऑफसेटमध्ये थोडे मिलिसेकंद वाढवा.

आता काय दाखवायचं नाही ते. प्रभुभोजन घेणाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवू नका. प्रार्थनेत रडणाऱ्यावर कॅमेरा नेऊ नका. शब्बाथशाळेच्या मुलांचा कार्यक्रम असेल तर पालकांना आधी विचारा. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं आणि दुखणी घेतली जातात. तेवढा वेळ प्रक्षेपणाचा आवाज बंद करून पडद्यावर एखादं वचन लावा. एका बहिणीचं ऑपरेशन तिच्या सासरी यूट्यूबवरून कळलं, आणि त्यानंतर आम्ही हा नियम केला.

धार्मिक विधीच्या ओघात गीत गायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. पण यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेला विधी कळत नाही. विकत घेतलेला कॅराओके ट्रॅक वाजवलात तर व्हिडिओवर हक्क सांगितला जाऊ शकतो. पेटी-तबल्यावर गा, तो प्रश्नच सहसा येत नाही.

सणांचे दिवस

लाउडस्पीकर बाहेर, उघड्यावर लावायचा असेल तर लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. काही सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण त्या वर्षीचा आदेश वाचल्याशिवाय ती गृहीत धरू नका. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. आपली जुनी मिशन कंपाउंडं बघा, चर्चशेजारीच दवाखाना आणि शाळा असते. ईस्टरला पहाटे कबरस्थानात उपासना असेल तर सहापर्यंत स्पीकरशिवायच. त्या वेळी लोक जवळजवळ उभे असतात, मोठ्या आवाजात वाचलं तरी पुरतं.

उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना सगळ्यात अवघड. वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वक्ते, सातांची उंची वेगळी, आवाज वेगळा. एक स्वयंसेवक पुलपीटच्या बाजूला पहिल्या बाकावर बसवा. दर वक्त्याला माईक वर-खाली करून देणं एवढंच त्याचं काम. मिक्सरवाल्याने सातही वक्त्यांची नावं क्रमाने लिहून, आधीच्या वर्षीचे फेडर वहीत बघून बसायचं. आणि ही उपासना नेमकी दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात किंवा त्या संपता संपता येते. तेव्हा जानेवारीतच मोठ्या माणसांचा एक गट तयार ठेवा.

आवरताना

आशीर्वाद झाला, लोक बाहेर पडले की अॅम्प्लिफायर बंद, मग मिक्सर, मग बाकीचं. वायरलेस माईकमधले सेल काढा. आत राहिले तर पाझरतात. माईकच्या वायरी कोपरावरून गुंडाळू नका, आतली तार पिळली जाऊन तुटते. हातात एक वेढा सरळ, एक उलटा, असं घ्या. पहिल्यांदा जमत नाही, शेजारच्याला विचारा. माईकची जाळी फिरवून काढा, आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. सर्दीच्या दिवसांत दर आठवड्याला.

मग वही. आज तिच्यात माझ्या पानावर तीन ओळी आहेत: गायन २ ची वायर मुळाशी खरखरते, बदलणे. पाळकांचा माईक गीतात चालू राहिला, अर्धं कडवं. शेवटच्या बाकावर कुणी बसलं होतं का ते बघितलं नाही, पुढच्या रविवारी जाऊन विचारणे.